मीटर शहाण्णव हजार, बेल्ट तीन लाख चार हजारचा

जुन्या गाडीवर कर्ज देण्याआधी बँक गाडीची किंमत काढून घेते. सांगली, मिरज, पलूस, विटा या पट्ट्यात ते काम मी करतो. लोकांना वाटतं, आम्ही इंजिन सुरू करतो, आवाज ऐकतो आणि आकडा सांगतो. खरं तर इंजिनापर्यंत पोचायच्या आतच निम्मं काम उरकलेलं असतं. चेसिसवर कोरलेला नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवायचा आणि आरसीशी ताडून बघायचा. आधीच्या कर्जाचा बोजा उतरलाय का, विमा चालू आहे का, ते पाहायचं. काचा आणि सीट बेल्टची पट्टी यांच्यावर तयार झाल्याची तारीख किंवा सांकेतिक आकडे असतात. ते गाडीच्या सालाशी जुळायला हवेत. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले की पुढचा भाग कधीतरी उतरवलाय, हे कळतं. आमच्या धंद्यात हल्ली काही जण व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून रिपोर्ट देतात. मला ते पटत नाही. फोटोत चेसिस दिसतो, पण गाडी कशी वापरली ते दिसत नाही.

२०२१ मध्ये एकाच दिवशी माझ्याकडे दोन इनोव्हा आल्या. दोन्ही २०१३ च्या, दोन्ही अडीच लिटर डिझेल. त्या दिवसाचा विचार अजून डोक्यातून जात नाही.

पहिली मिरज रस्त्यावरच्या एका यार्डात उभी होती. घेणारे एका शाळेतले गुरुजी. घरात म्हातारे आई-वडील, दोन मुलं, दरवर्षी पंढरपूर आणि कोकण. त्यांना सात माणसांची गाडी हवी होती. मीटरवर शहाण्णव हजार. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, स्टिअरिंगला नवीन कव्हर. मी ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचं रबर बघितलं, तर तेही नवीन. आठ वर्षांत शहाण्णव हजार चाललेल्या गाडीचं पॅडल रबर बदलायची वेळ येत नाही. ते बदलतात, कारण झिजलेलं रबर मीटरपेक्षा जास्त बोलतं.

यार्डवाल्याला मी विचारलं, सर्व्हिस रेकॉर्ड आहे का? तो म्हणाला, "साहेब, टोयोटा आहे. त्यात काय बघायचं?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय, आणि ते उगाच तयार झालेलं नाही. २००० साली टोयोटाची क्वालिस आली तेव्हा लोकांनी नावं ठेवली होती. दिसायला जुनाट, खोक्यासारखी; मुळात ती इंडोनेशियात चालणाऱ्या किजांग गाडीची आधीची पिढी. पण तिनं ड्रायव्हर लोकांना कधी रस्त्यात उभं केलं नाही. लग्नाचं वऱ्हाड असो, शिर्डीची ट्रिप असो, रात्री-अपरात्री दवाखान्याची धावपळ असो, ट्रॅव्हल्सवाले डोळे झाकून क्वालिस काढायचे. ती जोरात खपत असताना कंपनीनं ती बंद केली आणि २००५ साली इनोव्हा आणली. तेव्हा लोक हळहळले. मग इनोव्हानंही तेच करून दाखवलं. पाच लाख, सहा लाख किलोमीटर इंजिन न खोलता चाललेल्या इनोव्हा मी स्वतः तपासल्यात. म्हणून जुन्या बाजारात या नावाला भाव आहे, आणि त्या भावाला जोडून यार्डवाल्याचं ते वाक्य आहे.

इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढलं. बॅक कॉम्प्रेशन मारत नव्हतं, म्हणजे झाकणाच्या तोंडातून वाफ-धूर उसळत नव्हता. धूर नाही, खडखड नाही. इंजिन खरंच चांगलं होतं. मग टॉर्च घेऊन पुढच्या बाजूला वाकलो. या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची चाल जुळती ठेवणारा पट्टा, आणि त्याचं काळं प्लॅस्टिकचं कव्हर वरून दिसतं. बेल्ट बदलला की चांगला मेकॅनिक त्या कव्हरवर पांढऱ्या पेंट मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहितो. पुढच्या माणसासाठी ती नोंद असते. कव्हरवर धूळ आणि तेलाचा थर होता. मी फडक्यानं पुसलं. खाली अक्षरं आली: "टी-बेल्ट ३०४२५०", त्याच्याखाली "१२/१८".

डिसेंबर २०१८ मध्ये तीन लाख चार हजार. आणि २०२१ मध्ये शहाण्णव हजार.

गाडी धुतली होती, पॉलिश केली होती, पॅडल रबरापर्यंत सगळं बदललं होतं. पण ज्या मेकॅनिकनं मार्करनं तो आकडा लिहिला, त्यानं आपलं काम इमानदारीत केलं होतं. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. त्या दिवशी सगळ्यात जास्त आदर मला त्या माणसाबद्दल वाटला.

गुरुजींना बाजूला घेऊन कव्हर दाखवलं. यार्डवाला आवाज चढवून बोलायला लागला की कव्हर दुसऱ्या गाडीचं असेल, बदललेलं असेल. ते मला अपेक्षित होतं. गुरुजींचं उत्तर अपेक्षित नव्हतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पण इंजिन चांगलं आहे म्हणता ना तुम्ही? टोयोटा आहे, तीन-चार लाखांनी काय होतंय. तुम्ही रिपोर्टात तेवढं लिहू नका, कर्ज अडेल."

मी लिहिलं. "मीटर रीडिंग विश्वासार्ह नाही, टायमिंग कव्हरवर जास्त किलोमीटरची नोंद", आणि सोबत फोटो. संध्याकाळी शाखेतून फोन आला, शेरा काढता येईल का म्हणून. मी नाही म्हणालो. पुढच्या आठवड्यात कळलं की गुरुजींनी दुसरीकडून कर्ज काढून गाडी घेतली. मूल्यांकन फोटोवर झालं होतं. किंमत साडेआठ लाख.

दुसरी इनोव्हा पलूसच्या पुढं एका वाडीत. वाटेत किर्लोस्करवाडी लागते. तिथून जाताना मला नेहमी वाटतं की या गाडीचं नाव आपल्या जिल्ह्याशी जेवढं जोडलेलं आहे, तेवढं इथल्या लोकांनाही ठाऊक नाही. १९१० साली औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना काढला. त्याच घराण्यानं पुढं टोयोटाशी भागीदारी केली. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली, कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. पण त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकातच, किर्लोस्कर आणि टोयोटा घराणं एकत्र आलं होतं ते कापड गिरणीच्या यंत्रांसाठी.

ते साहजिकच होतं. टोयोटाची सुरुवातच मागापासून झाली. साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. १८९१ मध्ये त्यानं सुधारित हातमागाचं पेटंट घेतलं आणि १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग बनवला की न थांबता धोटा (आडवं सूत नेणारा) बदलायचा, आणि सूत तुटलं की आपोआप थांबायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. मुलगा किइचिरो तोवर मोटारीच्या मागे लागला होता. १९३७ ला टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

मी मूळचा इचलकरंजीचा. साध्या पॉवरलूमवर ताण्याचं, म्हणजे उभं, एखादं सूत तुटलं तरी माग चालतच राहतो आणि कापडात वीतभर तूट पडून जाते. कामगारानं बघितलं नाही तर तो माल थेट व्यापाऱ्याच्या टेबलावर जातो आणि तिथं कापला जातो तो कामगाराचा पगार. सूत तुटल्यावर माग आपोआप थांबणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे आमच्या गावात कुणालाही सांगावं लागत नाही. टोयोटाच्या कारखान्यात हीच गोष्ट माणसाच्या हातात दिली: गडबड दिसली की साध्या कामगारानं दोरी ओढायची, सुपरवायझरनं यायचं, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबवायची. टोयोटाचे अभियंते ताईची ओनो यांनी ती पद्धत घडवली. १९५० साली कंपनी बुडायला आली होती, कामगारकपात झाली, संप झाला, किइचिरोंना राजीनामा द्यावा लागला. १९५७ मध्ये अमेरिकेत पाठवलेली क्राउन तिथल्या हायवेच्या वेगाला टिकली नाही. नाव त्यानंतर झालं, आणि चूक लपवायची नाही या सवयीवर झालं, असं माझं मत आहे.

वाडीतल्या इनोव्हाचे मालक साठीचे, आयुष्यभर गाडीवर पोट असलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. पिवळी पाटी, टुरिस्ट परमिट. पुण्यात नोकरी करणारा भाचा आता ती चालवणार होता, त्याच्यासाठी कर्ज. मीटर: पाच लाख एकेचाळीस हजार. सीटचा फोम दबलेला, गिअर नॉबवरचे आकडे पुसलेले, पॅडलचं रबर एका कडेला झिजून गुळगुळीत. मी काही विचारायच्या आधी मामांनी देव्हाऱ्याखालच्या कपाटातून तीन वह्या काढल्या.

वह्या मी उभ्यानंच वाचल्या. तारीख, किलोमीटर, काम, पैसे. ऑइल आणि फिल्टर, दर वेळी. डिझेल फिल्टर. टायमिंग बेल्ट बदललेल्या तारखा, बिलं टाचणीनं लावलेली. एका पानावर लिहिलं होतं: "आंबा घाटात टेंपरेचर काटा वर. गाडी उभी केली. भाडं सोडलं. वॉटर पंप." मी विचारलं, भाडं सोडलं म्हणजे? म्हणाले, "पावसाळी दिवस, गाडीत बायाबापड्या. दुसरी गाडी बोलवून दिली, पैसं घेतलं न्हाईत. तशीच रेटली असती तर इंजान गेलं असतं की ओ." काटा वर दिसताच मामा थांबले म्हणून ते इंजिन आज सुरू होतं. झाकण काढून बघितलं, बॅक कॉम्प्रेशन नाही.

आता फॉर्म. बँकेच्या फॉर्मात साल, मालक कितवा, परमिट आणि मीटर रीडिंग एवढेच रकाने किंमत ठरवतात. पाच लाखांवर मीटर गेलं की टक्के कापले जातात, पिवळ्या पाटीला आणखी कापले जातात. सर्व्हिस रेकॉर्डला रकाना नाही. मी माझ्या अधिकारात जेवढं वर नेता येतं तेवढं नेलं, तरी आकडा आला पाच लाख दहा हजार. पिवळ्या पाटीचा भाव कमी असतो, हे मला मान्य आहे. पण दोन गाड्यांच्या किमतीतल्या फरकात मोठा वाटा मीटरचा होता.

मामांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "साहेब, सांगलीत दोन हजारात मीटर मागं करून देत्यात. तेवढं केलं असतं तर लाख-दीड लाख वाढलं असतं, नव्हं का?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू? ते पुढं म्हणाले, "मग ह्या वह्यांचं काय?" याचं उत्तर मला फॉर्ममध्ये सापडलं नाही. मी वह्यांच्या पानांचे फोटो काढले आणि रिपोर्टासोबत वेगळं पत्र जोडलं. व्यवस्थापकांनी वाचलं असं ते म्हणाले. कर्ज त्याच आकड्यावर मंजूर झालं. नवा रकाना टाकता येईल का, असं विचारलं तर उत्तर आलं की फॉर्म वरून येतो.

"टोयोटाला काय होतंय" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. २००९-१० मध्ये पायाखालची मॅट आणि अडकणारं अॅक्सिलरेटर पॅडल यामुळं याच कंपनीला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकेच्या संसदेसमोर माफी मागायला उभे राहिले. २०१४ मध्ये कंपनीनं १.२ अब्ज डॉलर भरले, ते ग्राहकांना खरी माहिती न दिल्याबद्दल. साकिचीच्या घराण्याची कंपनी असली तरी सूत तुटलेलं झाकलं की त्याची किंमत मोजावी लागतेच. मग मिरज रस्त्यावरच्या यार्डात ती कोण मोजणार? मेकॅनिकच्या आकड्यावरची धूळ कुणी मुद्दाम ठेवली की नुसती राहिली, मला सांगता येत नाही. पण पॅडलचं रबर नक्कीच मुद्दाम बदललं होतं.

आणि मीटर मागं करणं ही नुसती भावातली फसवणूक नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. टायमिंग बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलायचा असतो. वेळ झाली की डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो, म्हणजे सगळी भिस्त मोजणीवर. मोजणीच खोटी केली तर बेल्टचं आयुष्य किती उरलं ते मालकालाही कळत नाही, मेकॅनिकलाही नाही. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि ते घाटात, सात माणसं गाडीत असतानाही होऊ शकतं. जे इंजिन सहा लाख चालतं, ते बेल्ट वेळेवर बदलला म्हणून चालतं.

हे सगळं मी गुरुजींना फोनवर सांगितलं. गाडी घेतलीच आहे तर मीटर विसरा, बेल्ट आणि तो ज्यावरून फिरतो ते आयडलर बेअरिंग आधी बदला, कव्हरवर नवीन तारीख लिहून घ्या आणि आजपासून वही घाला. खर्च किती, त्यांनी विचारलं. मी सांगितला. "बघू, मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात जाऊन आल्यावर," असं म्हणाले.

सुट्टीला अजून तीन आठवडे होते. मी पुन्हा फोन केला, आणि या वेळी गाडी घेऊन माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे या, मी तिथं थांबतो, एवढंच बोललो. ते आले. उतरवलेल्या बेल्टच्या कडेचे धागे सुटले होते. तो त्यांच्या हातात दिला, आणि मेकॅनिकनं नवीन कव्हर न लावता जुनंच परत बसवलं. तीन लाख चार हजारचा आकडा तसाच राहू दिला, त्याच्याखाली नवीन तारीख लिहिली. किलोमीटर काय लिहायचे यावर आमची चर्चा झाली. शेवटी त्यानं मीटरवरचा आकडा लिहिला आणि पुढं कंसात लिहिलं: "मीटर खोटं".