नंतर आठवण करा

काल दुपारी जेवण उरकून मंडळाचा वार्षिक हिशेब लिहायला बसलो होतो, तेवढ्यात लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात रीस्टार्ट मागणारी पाटी उगवली. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा दुरुस्त्या २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. मात्र अमेरिकेत सकाळ होते तेव्हा इंदुरात रात्र झालेली असते, त्यामुळे त्या माझ्यापर्यंत बुधवारीच पोहोचतात. मी लॅपटॉप कधी बंद करत नाही, नुसते झाकण लावतो, आणि त्या पाटीला गेली कित्येक वर्षे एकच उत्तर देत आलो आहे: नंतर.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घरावर कवेलू होते. पुण्याचे नातेवाईक त्यांना कौले म्हणत आणि ती शाकारत; आमच्याकडे कवेलू फेरले जात. एका वर्षी मृगाच्या आधी छपरावर चढलेल्या कारागिराने माळ्याच्या कोपऱ्यावरचे चार कवेलू उचलले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वरूनच सांगितले, "अम्मा, यां से तो आदमी उतर जाएगा!" आजी खालून हातवारे करून त्याला गप्प करत होती. नवे कवेलू आणायचे होते, अंगणात कुरडया वाळत होत्या, म्हणून आजोबांनी काम आठवडाभर पुढे ढकलले. वर्षानुवर्षे छपराला असलेल्या त्या भोकाची कुणालाच कल्पना नव्हती. त्या दुपारपासून मात्र ते कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक झाले.

अपडेटचेही हेच आहे, आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. दुरुस्ती निघाली की टाका नेमका कुठे घातला तेही उघड होते. भोकांवरच ज्यांचे पोट चालते अशी मंडळी जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी ठेवून तो टाका शोधून काढतात, आणि मग ज्यांनी 'नंतर' म्हटले आहे त्यांची दारे ठोठावत फिरतात. विंडोजमधल्या फाइल वाटपाच्या भागातले एक भोक बुजवणारी दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी निघाली होती. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून शिरला, फायलींना कुलूप घालून प्रत्येक यंत्रामागे तीनशे डॉलर मागू लागला, आणि ब्रिटनमधल्या इस्पितळांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांत किती जणांनी माझ्यासारखेच झाकण लावून ठेवले असेल कोण जाणे. "मी भलत्या लिंकवर बोटच ठेवत नाही" ही माझी नेहमीची फुशारकीही तिथे चालली नसती, कारण कुणी काही न दाबताच तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जात होता.

त्या आठवड्यात आजीने आपले अंथरूण माळ्याच्या जिन्याखाली हलवले आणि उशाला आजोबांची काठी ठेवली. घरात पितळेची भांडी आणि शिलाईचे यंत्र, एवढाच काय तो ऐवज. मी तिला विचारले, "आजी, आपल्याकडे चोरायला आहे तरी काय?" ती म्हणाली, "आपल्याकडे नाही रे. पण माळा सलग आहे, आणि शेजारच्या माईंच्या लेकीचे दागिने परवाच घडवून आलेत."

समोर मंडळाची फाइल उघडी होती. तिच्यात सव्वाशे सभासदांचे फोन नंबर आहेत, आणि पुनर्विवाहासाठी, उपचारांसाठी मदत घेतलेल्या काहींचे बँक खाते क्रमांकही आहेत. या दुसऱ्या यादीची वाच्यता करायची नाही, असे आम्ही त्यांना कबूल केलेले आहे. मी फाइल सेव्ह केली आणि रीस्टार्ट दाबले. सत्तावीस टक्क्यांवर येऊन यंत्र बराच वेळ अडून राहिले. मीही उठलो नाही.