ओस्त्रोगची चढण आणि माझे मोजे

मॉन्टेनेग्रोत पॉडगोरित्साहून निक्शिचला जाणाऱ्या गाडीला ओस्त्रोग नावाचं छोटंसं स्टेशन लागतं. उतरलं की मान वर करायची. सरळसोट कड्यात कुणी चुना फासावा तसं पांढरं काहीतरी दिसतं, तोच वरचा मठ. 17 व्या शतकात संत वासिलिये यांनी तो तिथल्या गुहांमध्ये उभा केला. 1671 मध्ये त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. 12 मे हा त्यांचा उत्सव. मी पोचले 11 च्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे दशमीला पंढरपुरात उतरावं तशी.

खालच्या मठापासून वरपर्यंत साधारण 3 किलोमीटर चढ. बरेच जण इथून अनवाणी निघतात. मीही बूट काढले, मोजे तेवढे ठेवले. पळवाटच ती! बाजूने चालणाऱ्या काळ्या रुमालातल्या आजीने ते बरोबर हेरलं आणि खुदकन हसली. (सर्बियन भाषेत आजीला 'बाबा' म्हणतात. हे समजल्यापासून मी तिला मोठ्या आनंदाने 'बाबा' म्हणत होते.) डांबरावरची बारीक खडी टोचत होती. तिसऱ्या वळणावर उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला.

वर रांग. बाबाने पिशवी उघडली. तेलाची बाटली, साखर, साबण आणि हाताने विणलेले जाड लोकरीचे मोजे. माझ्या अंगठ्याकडे बघून तिने ते बाहेर काढले, मी हातही पुढे केला. तिने मान हलवली, कड्याकडे बोट दाखवलं आणि मोजे परत आत ठेवले. ते वासिलियेंसाठी होते.

गुहेचं दार इतकं बुटकं की वाकूनच शिरावं लागतं. आत जेमतेम चार माणसांची जागा, मेणाचा वास, आणि पेटीत संतांचा देह. त्यांना पाठ दाखवायची नाही, म्हणून उलट्या पावलांनी बाहेर यायचं. शिरताना वाकले होते, निघताना विसरले. डोकं दणकन आपटलं.

दुसऱ्या गुहेतली चित्रं रादुल नावाच्या चित्रकाराने 1667 मध्ये थेट खडकावर काढलेली. खडक वळतो तसे संतही वळतात. तिथून हलावंसंच वाटेना.

रात्री मठासमोरच्या फरशीवर शेकडो माणसं आडवी झाली. बाबाने सरकून तिच्या घोंगडीवर मला जागा दिली. पाय मात्र गार पडले होते, आणि डोळ्यांसमोर सारखे ते लोकरीचे मोजे येत होते.