अकरा पत्रं आणि एक व्हॉल्व्ह

ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर मी मेकॅनिक आहे. चौदा वर्षं झाली. नाशिकच्या नातेवाइकांना वाटतं मी जेट इंजिनं उघडतो. प्रत्यक्षात निम्मा दिवस स्क्रू काढण्यात जातो आणि उरलेला तेच स्क्रू परत लावण्यात. सेस्ना, पायपर असली छोटी विमानं, ब्रेकच्या गळत्या, स्पार्क प्लगमधून टोकरून काढायचे शिशाचे मणी. लिहिण्याजोगं त्यात काही नसतं.

गेल्या ऑक्टोबरातलं एक काम मात्र डोक्यातून जात नाही.

एक दातांचे डॉक्टर आले. पन्नाशीचे, गोड बोलणारे. त्यांनी लाँग-ईझी नावाचं विमान विकत घेतलं होतं आणि वार्षिक तपासणी करून हवी होती. दोन मेकॅनिकांनी आधीच नकार दिला होता. घरी बांधलेलं विमान म्हटलं की आमच्यातले बरेच जण हात वर करतात. कायद्याची भीती मी समजू शकतो, पण झाकण न उघडताच नाही म्हणायचं याला मी आळस म्हणतो. म्हणून मी हो म्हटलं. त्यात थोडी मिजासही होती, खोटं कशाला बोलू.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ते कुठल्या कारखान्यात बनत नाही. बर्ट रुटान यांनी कॅलिफोर्नियात मोहावीला ते आखलं, 1979 मध्ये पहिलं उडालं, आणि 1980 ते 1985 या काळात त्यांनी फक्त नकाशे विकले. घेणाऱ्याने कागदांचा गठ्ठा घरी न्यायचा आणि गॅरेजात विमान बांधायचं. पंख थर्माकोलच्याच जातीच्या निळ्या फोमचे. गणपतीच्या मखरासाठी आपण गरम तारेने थर्माकोल कापायचो ना, अगदी तसेच ते कापतात. त्यावर काचेचं कापड आणि एपॉक्सी, थरावर थर. इंजिन मागे, पंखाही मागे, आणि छोटा पंख पुढे नाकावर, त्याला कॅनार्ड म्हणतात. वैमानिक उतरला की वजन मागे जाऊन विमान उलथेल, म्हणून पुढचं चाक आत घेऊन नाक जमिनीला टेकवून ठेवतात. बैल बसताना पुढचे गुडघे टेकतो, तसं.

ज्याने बांधलं त्याला त्या एका विमानापुरता तपासणीचा दाखला मिळू शकतो. विमान विकलं तर दाखला विमानाबरोबर जात नाही. मग नव्या मालकाला आमच्यासारखा परवानाधारक शोधावा लागतो. या विमानाचा बांधणारा वारला होता आणि मुलांनी ते विकून टाकलं होतं.

दोन दिवस मी त्याच्या अंगावरून नाणं वाजवत फिरलो. माठ घेताना टिचकी मारून बघतात तसं. काचेचा थर फोमला घट्ट धरून असेल तर टणटण येते, सुटला असेल तर आवाज बसतो. एक चौरस इंचही सोडला नाही. ब्रेकजवळचे चाकांचे पाय नीट बघितले, कारण तेही फायबरग्लासचेच, आणि ब्रेक तापला की एपॉक्सी मऊ पडते. टाकीच्या सांध्याशी नाक लावून वास घेतला. पेट्रोल झिरपून पंखातल्या निळ्या फोमपर्यंत पोचलं तर वरून रंग शाबूत आणि आत पोकळी. लाकडी पंख्याचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासले, कारण हिवाळ्यात लाकूड आकसतं. कॅनार्ड नव्या आकाराचा होता, रॉन्झ यांनी आखलेला. जुन्या आकाराच्या कॅनार्डची पावसात उचल कमी व्हायची आणि नाक खाली यायचं. बांधणारा माणूस एकूण फार नेटका. तारेची प्रत्येक गाठ एकाच मापाची, प्रत्येक नटावर लाल खूण. त्याच्याशी मी मनातल्या मनात बोलायला लागलो होतो.

आणि मग व्हॉल्व्ह.

लाँग-ईझीला टाक्या दोन, डावी आणि उजवी. मधे एक व्हॉल्व्ह, तो फिरवून टाकी बदलायची. नकाशात तो वैमानिकाच्या दोन मांड्यांच्या मधे, डोळ्यांसमोर दाखवलेला आहे. इथे तो डाव्या भिंतीत होता, सीटच्या पाठीच्याही मागे. मी आत बसलो, पट्टे आवळले आणि डावा हात मागे नेला. बोटं दांड्याला लागली, पण जोर देता येईना. उजवा हात आणायचा तर विमान चालवायची स्टिक सोडून अख्खं अंग वळवावं लागत होतं. शिवाय व्हॉल्व्ह कडक.

हे वाचताना ज्यांना जॉन डेन्व्हर आठवला, त्यांना वेगळं सांगायला नको. 12 ऑक्टोबर 1997 रोजी हा गायक मॉन्टेरीच्या उपसागरात लाँग-ईझीसकट पडून गेला. त्याच्या विमानातही बांधणाऱ्याने व्हॉल्व्ह हलवून डाव्या खांद्यामागे नेला होता, आणि विमान त्याने नुकतंच घेतलेलं होतं. तपास करणाऱ्यांना आढळलं की मागे वळताना माणसाचा उजवा पाय आपोआप पेडल दाबतो, आणि विमान त्या बाजूला वळतं.

व्हॉल्व्ह मी उघडला, साफ केला, ग्रीस लावलं. लोण्यासारखा फिरायला लागला. जागेचं काय करायचं?

सेस्नात एक कंस जरी जागचा हलला असेल तर मी कागद पुढे करतो: मान्य नकाशा असा आहे, परत लाव. इथे तो कागदच नाही. हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला रुटानचा नकाशा बंधनकारक नाही, त्याने हवं ते बदलावं. मला लॉगबुकात एकच वाक्य लिहायचं असतं: विमान सुरक्षित उड्डाणाच्या स्थितीत आढळलं. खाली सही. एका सरकारी निरीक्षकाला फोन केला तर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. एवढं ऐकायला चाळीस मिनिटं संगीत ऐकलं.

मग ठरवलं, जवळपास आणखी कुणाकडे लाँग-ईझी आहे ते शोधायचं. इतरांनी काय केलंय ते बघायचं, आणि जमलं तर अशा माणसाशी बोलायचं ज्याने हजार तास त्यात काढलेत. जुलै असता तर ऑशकॉशच्या विमानमेळ्यात जाऊन रांगेने उभी असलेली बघितली असती. पण ऑक्टोबर होता.

सरकारी विमान नोंदवही कुणालाही उतरवून घेता येते. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. सेस्ना शोधायचं तर उत्पादकाच्या रकान्यात सेस्ना टाकायचं. घरच्या विमानाच्या त्या रकान्यात असतं बांधणाऱ्याचं आडनाव! रुटान कुठेच नाही. मॉडेलच्या रकान्यात ज्याच्या मनाला येईल ते. कुणी लाँग आणि ईझीमध्ये रेघ दिलीय, कुणी जागा सोडलीय, कुणी जोडून लिहिलंय, कुणी शेवटी एक अक्षर जास्त घातलंय. एकाने स्वतःच्या आडनावापुढे एक आकडा टाकून मोकळं केलंय. ते इंजिनावरून आणि दोन आसनांवरून अंदाजाने धरलं. पत्ता विमानाचा नाही, मालकाच्या घराचा. तोही घराचा असला तर. कुणी डेलावेअरमधल्या ट्रस्टच्या नावावर, कुणी टपालपेटीच्या. 2024 च्या कायद्यानंतर नाव-पत्ता लपवून ठेवायची मागणीही करता येते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. पण 2023 पासून नोंदणी सात-सात वर्षं चालते, त्यामुळे माणूस गेला तरी वहीत तोच मालक.

भावाला फोनवर हे सांगितलं तर त्याने अमोल यादवांची आठवण काढली. कांदिवलीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं आणि नोंदणीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. मिळाली ती 2017 मध्ये. इथे बरोबर उलटं. नोंदणी सहज होते आणि नंतर त्या विमानाचं काय झालं ते कुणाला ठाऊक नसतं.

तीन रात्री बसून दीडशे मैलांच्या आतली अकरा नावं निघाली. फोन नंबर वहीत नसतात. बायको म्हणाली, पत्रं टाक. हाताने लिहिली, कारण छापील पत्र आलं की विमानवाले दलाल समजून केराच्या टोपलीत टाकतात. "मी मेकॅनिक आहे, काही विकत नाही, काही घेत नाही, तुमचा व्हॉल्व्ह कुठे आहे एवढंच बघायचंय." परत वाचल्यावर मलाच हसू आलं.

तीन पत्रं शिक्का मारून परत आली. एका बाईंनी कळवलं की नवरा जाऊन चार वर्षं झाली, विमान कुठे गेलं ते मुलाला विचारा. मुलाचा पत्ता दिला नाही. एकाने "माझं नाव कुठून मिळालं?" म्हणून दम दिला. एकाने सहा फोटो पाठवले, सगळे विमानाच्या बाहेरच्या रंगाचे. आणि एकाचा फोन आला. साठ मैलांवरून, वय अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, "शनिवारी ये. सकाळी. दुपारी मी झोपतो."

त्यांचं विमान हँगरमध्ये नाक टेकवून, चादर पांघरून बसलेलं. दोन वर्षं उडालं नव्हतं, पण धूळ नव्हती. आजोबांनी मला आत बसवलं, पट्टे स्वतः आवळले. "डोळे मीट. आता उजवी टाकी लाव." हात मांड्यांच्या मधे गेला, दांडा मिळाला. "डावी. बंद. उजवी." पाच-सहा वेळा. मग ते म्हणाले, "आता तुझ्या त्या विमानात हेच करून बघ."

मी म्हटलं, तिथे हात पोचतो, पण जोर लागत नाही. त्यांनी नोंदणी क्रमांक विचारला. सांगितल्यावर ते एका बादलीवर बसले.

बांधणारा त्यांचा मित्र होता. दोघांनी नकाशे एकाच वर्षी मागवले, एकमेकांच्या गॅरेजात पंख धरले. मित्राचा डावा गुडघा तरुणपणीच्या अपघाताने कायमचा ताठ. मांड्यांच्या मधला खोका असला तर तो आत उतरूच शकत नव्हता. म्हणून व्हॉल्व्ह मागे गेला. "त्याचे हात बघायला हवे होतेस," म्हणत आजोबांनी आपला हात लांबवून पुढे आणखी वीतभर हवा दाखवली. "त्याने महिनाभर खुर्चीवर बसून, भिंतीला तुकडा चिकटवून जागा शोधली. त्याच्यासाठी ती बरोबर होती."

शिंप्याने मापाने शिवलेला सदरा दुसऱ्याच कुणाला विकला होता, आणि लॉगबुकात मापाविषयी एक ओळ नव्हती. एवढ्या नेटक्या माणसाने नटांवर लाल खुणा केल्या, आणि हे लिहिलं नाही. त्याचा मला अजूनही राग येतो.

सोमवारी मी डॉक्टरांना त्यांच्याच विमानात बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. चौथ्या प्रयत्नात दांडा फिरला, तोवर उजवा हात स्टिकवरून कधीच सुटला होता. मी म्हटलं, व्हॉल्व्ह पुढे आणू, नळ्या बदलू, हिवाळ्यात करून देतो. ते म्हणाले, वीस वर्षं उडालंय ना असंच? मी म्हटलं, तुम्ही नव्हता त्यात. ते हसले. मी सही केली नाही. नाणं वाजवायचे दोन दिवस आणि अकरा टपाल तिकिटं मी बिलात लावली नाहीत. बायकोच्या मते तो मूर्खपणा होता.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊन ते विमान आमच्याच धावपट्टीवरून उडालं. नियमात काही चुकलं नाही. सही करणाऱ्याने नाणं वाजवलं की फक्त पेन चालवलं, मला माहीत नाही. मी चुकलो असेनही. डॉक्टर सराव करत असतील. दर वेळी तो मागच्या पंख्याचा विचित्र आवाज आला की हातातला पाना थांबतो, एवढंच.

निघताना त्यांना मी आजोबांचा नंबर दिला होता. डिसेंबरात मी आजोबांना फोन केला, तब्येत विचारायला.

"तुझ्या डॉक्टरचा फोन आला होता," ते म्हणाले. "चांगला तासभर बोलला. वेग किती मिळतो, तेल कुठलं घालू, रंग कुठला देऊ."

"आणि व्हॉल्व्ह?"

"नाही. मीच दोनदा काढला विषय."