टर्बो इंजिनाच्या रिंगांचा गॅप बसवताना : माझा अनुभव

माझ्या ऑक्टेव्हियाचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन उघडले, तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली होती आणि वरच्या रिंगची दोन्ही टोके आरशासारखी चकाकत होती. ती चकाकी पाहताच कारण लक्षात आले. आधीच्या जुळणीत बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला होता, पण गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, मूळ मापाचाच राहिला होता; त्यामुळे तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडली आणि पुढे वाढायला जागाच उरली नाही.

या वेळी बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ८१ वरून ८१.५ मिमी केला, फोर्ज्ड (घडीव) पिस्टन घेतले आणि रिंगा स्वतः बसवायचे ठरवले. या बोअरच्या रिंगचा परीघ सुमारे २५६ मिमी भरतो. रिंग सिलेंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली, तर ती साधारण ०.२८ मिमी वाढते. बूस्टखाली ती याहूनही अधिक तापेल, हे धरून वरच्या रिंगला बोअरच्या ०.००५५ पट, म्हणजे ०.४५ मिमी गॅप ठरवला. दुसरीला मुद्दाम ०.५० मिमी ठेवला, कारण वरून निसटलेला वायू दोन रिंगांमध्ये कोंडला तर तो वरच्या रिंगला खोबणीतून उचलतो आणि तिची पकड सुटते.

पहिल्याच रिंगने मला चकवले. मी ती बोटांनी बोअरमध्ये ढकलली, ०.४५ चे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) अलगद गेले आणि मी समाधानाने पुढची रिंग हातात घेतली. शंका आली म्हणून तीच रिंग उलट्या पिस्टनने सरळ रेटून २५ मिमी खाली नेली, तर तेच गेज आत जाईना; ०.४० चे जेमतेम गेले. एक बाजू दोन-अडीच मिलिमीटर खाली राहिली, की तिरकी रिंग अधिक उघडते आणि गॅप आहे त्याहून मोठा दिसतो. ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूने होते, म्हणून यानंतर प्रत्येक माप पिस्टनने सरळ केल्यावरच घेतले.

घासण्यासाठी हाताने फिरवायचे रिंग फाइलर वापरले. एकच टोक घासायचे आणि चाक बाहेरून आतल्या दिशेने फिरेल असे ठेवायचे, नाहीतर बाहेरच्या लेपाचा टवका उडतो. तीन-चार फेऱ्या झाल्या की बारीक दगडाने कडेची धार बोथट करायची, रिंग पुसायची आणि थंड होऊ द्यायची, कारण बोटांनी आणि घासण्याने दहा अंश तापलेली रिंगसुद्धा गॅप जवळजवळ ०.०३ मिमीने कमी दाखवते. आठ रिंगांना पूर्ण रविवार लागला. प्रत्येक रिंग सिलेंडरचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात ठेवली, कारण चारही बोअर शेवटच्या शतांशापर्यंत सारखे नसतात.

चौथ्या सिलेंडरची वरची रिंग ०.४८ पर्यंत गेली. ती बदलण्याचा विचार केला, पण ०.०३ मिमी जादा गॅपमधून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कोशात) थोडा अधिक वायू उतरेल, एवढेच. तेवढाच कमी गॅप मात्र पिस्टन पुन्हा तोडू शकला असता. ती तशीच बसवली.