आमची वाटचाल : उसन्या ज्वारीची वही

खानदेशात होळी झाली की गल्लोगल्ली बाजा टाकल्या जातात, त्यांवर जुनी धुतलेली लुगडी पसरली जातात आणि थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उडदाचे पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या यांशिवाय बायकांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. ज्या घरी पापड असतील तिथे शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन जातात, दुपारभर लाटतात, तेलात बुडवलेल्या दोन-चार कच्च्या लाट्या खातात आणि आपल्या घरच्या पापडांना हे सगळे हात येतीलच, असे धरून चालतात. मजुरीचा शब्द निघत नाही. चाळीसगावातला आमचा छोटा व्यवसाय या रिवाजातून उभा राहिला आणि त्याची पहिली अडचणही या रिवाजानेच निर्माण केली.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून मागणी वाढली, तेव्हा मी पहिल्यांदा विक्रीसाठी पीठ भिजवले. गल्लीतल्या बायका नेहमीप्रमाणे आल्या, पैसे देऊ केले तर रागावल्या आणि मलाही ते मनातून सोयीचेच वाटले, हे कबूल करायला हवे. सासूबाईंना मात्र ते रुचले नाही. "घरच्या पापडाला हात उसना मिळतो, दुकानाच्या पापडाला नाही," असे त्यांनी सांगितले आणि त्याच आठवड्यापासून किलोमागे दर ठरला. एक मावशी तर त्यावरून दोन महिने आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

आमची ओळख झाली ती बिबड्यांमुळे. ज्वारी तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायचे, मग उपसून भरडायची, कोंडा पाखडायचा आणि जिरे, तीळ, लसूण, मिरची घातलेल्या आधणात तिचा घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच पाण्याच्या हाताने ओल्या कापडावर थापावा लागतो, त्यामुळे पहाटे चारला चूल पेटवून ऊन चढायच्या आत काम उरकावे लागते. खानदेशातल्या उन्हाळ्याला सगळे नावे ठेवतात. आमचा धंदा मात्र त्याच उन्हावर चालतो.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी हंगामाच्या तोंडावर. आम्ही पीठ घरोघर पोहोचवले, पापड घरोघर लाटले गेले आणि ते वर्ष कसेबसे निभावले.

31 ऑगस्ट 2021 चा पूर मात्र निभावण्यापलीकडचा होता. गोकुळाष्टमीच्या रात्री डोंगरपट्ट्यात मुसळधार पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले, तिकडे कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. आमच्या खोलीत छातीइतके पाणी होते. दिवाळीसाठी भरून ठेवलेले पापडांचे डबे, उडदाच्या पिठाची पोती, चक्कीची मोटर, सगळे चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर मी उंबऱ्यावर बसून राहिले होते, तेव्हा पहिल्यांदा आल्या त्या दर ठरल्यावर रुसलेल्या मावशी. "रडीसन काय व्हई? ऊठ माय, झाडू लय," (रडून काय होणार? ऊठ बाई, झाडू घे) एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्यामागून अकरा जणी आल्या. त्यांपैकी तिघींच्या स्वतःच्या घरातही चिखल होता. चार दिवस खोली धुण्याचे काम चालले आणि त्याचे पैसे विचारण्याची हिंमत मला झाली नाही.

पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, म्हणून सुरुवात कळण्याच्या पिठाने करायची ठरली. ज्वारी आणि सालीचे उडीद एकत्र दळले, चवीपुरते मीठ घातले की झाले. त्याला ऊन लागत नाही, फक्त चक्की लागते. पण ज्वारी आणायलाही पैसे नव्हते. तेव्हा बायकांनी आपापल्या कोठीतली दादर ज्वारी आणून दिली, कुणी दोन पायल्या, कुणी अर्धे पोते, आणि सासूबाईंनी ती वहीत एकेकीच्या नावाने लिहून घेतली. मोटरचे वाइंडिंग करणाऱ्या भाऊंनी "दिवाळीनंतर पाहू" म्हणून बिल खिशात ठेवले. ज्या व्यापाऱ्याकडून आम्ही वर्षानुवर्षे उडीद घेत होतो, त्यांनी मात्र त्याच आठवड्यात मागची बाकी मागितली. त्यांचेही नुकसान झाले असेल. तरी ते मनात राहिले.

कळण्याचे पीठ चालले. पुढच्या उन्हाळ्यात पापड पुन्हा सुरू झाले आणि आखाजीच्या आधी सगळी ज्वारी पायलीला पायली परत केली. पैशांत फेड घ्यायला एकही जण तयार नव्हती. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीचे कौतुक ऐकून शहरांतून बिबड्यांना मागणी आली, त्यामुळे आम्हाला दुसरी चक्की घेता आली. आज हंगामात बावीस जणी काम करतात.

यंदा होळीनंतर त्यांनी किलोमागचा दर वाढवून मागितला. बोलणी करायला पुढे होत्या त्या मावशीच, आणि पुराचा उल्लेख त्यांनी चुकूनही केला नाही. गॅसचे भाव, मुलांची फी आणि आपले दुखरे खांदे यांवरच त्या भांडल्या. मी दोनदा कमी करून पाहिले. तासाभराने चहा झाला आणि दर त्यांनी सांगितला तोच ठरला.