फ्यूएल फ्लो टेस्ट भर दुपारी घ्या: घरी बांधलेल्या विमानाचा माझा अनुभव

टाकी, नळ्या, गॅस्कोलेटर (पेट्रोलमधलं पाणी-कचरा अडवणारी वाटी), पंप बसवताना फारसं अडलं नाही. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवर टाकीची फिटिंग्जही हवी तशी मिळाली. घोडं अडलं ते फ्लो टेस्टवर, म्हणजे इंजिनपर्यंत पुरेसं पेट्रोल पोचतं का हे मोजण्यावर. तपासणीच्या फॉर्मात त्यासाठी एकच रकाना होता: समाधानकारक की नाही. किती वेळ मोजलं, नाक किती वर होतं, ऊन किती होतं, काहीच विचारलेलं नाही. याचा राग मला अजून येतो. सकाळी सातला झकास मिळणारा आकडा नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी तीनला मिळेलच असं नाही.

हिशेब असा. रोटॅक्स 912 यूएलएस हे इंजिन टेकऑफला तासाला 27 लिटर पितं. पंप असेल तर त्याच्या 125 टक्के, म्हणजे सुमारे 34 लिटर मिळालं पाहिजे. नुसत्या उतारावर पेट्रोल येत असेल तर 150 टक्के, म्हणजे 40.5. पंपवाल्या विमानात 5 लिटर 9 मिनिटांच्या आत पडायला हवं. मोजायचं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) चालू ठेवून. ती बंद केली की आकडा उगाच फुगतो. नाक कमाल चढाईच्या कोनाहून 5 अंश जास्त वर, आणि टाकीत तळापुरतंच पेट्रोल.

मिनिटभर मोजून उठू नका. धार सुरुवातीला चांगली आणि मग हळूहळू बारीक होत गेली, तर दोष वेंटचा, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीचा: टाकीत हवा शिरत नाही, आत ओढ तयार होते. झाकण उघडा, धार लगेच सुधारली तर निदान पक्कं. आपल्याकडे कुंभारीण माशी वेंटच्या नळीत चिखल भरते. बाहेरून तोंड मोकळं दिसतं आणि बोटभर आत मातीची घट्ट गुळी बसलेली असते. बारीक जाळी लावा, उभ्या विमानाचा वेंट झाका.

धार पहिल्यापासूनच बारीक असेल तर फिल्टर, काटकोनी एल्बो किंवा होज. इथेनॉलने जुन्या रबराचं आतलं अस्तर फुगतं; बाहेरून होज नवी वाटते, कापल्यावर भोक निम्मं दिसतं.

सकाळी ठीक आणि दुपारी धार तुटक, पारदर्शक नळीत बुडबुडे, हे वाफेचं काम. फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आडभिंतीवर) उंच बसवलेला पंप पेट्रोल ओढतो, ओढताना दाब उतरतो आणि तापलेल्या नळीत वाफ धरते. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खाली बसवा म्हणजे तो ढकलेल. नळीला मध्येच उंचवटा नको, इंजिनच्या बाजूला फायरस्लीव्ह (नळीवरचं आगरोधक आवरण) हवंच.

गरम इंजिनवर पेट्रोल उघडं करून मोजू नका. तिथे इंजिन चालवून प्रेशर गेज बघा. सुई थरथरत 0.15 बारच्या खाली गेली तर उड्डाण नाही.

टेस्टला प्लास्टिकची बादली नको. धातूचा डबा घ्या, तो वायरने विमानाला जोडा. कोरड्या हवेत ठिणगी सहज पडते. अग्निशामक हाताशी ठेवा.

आणि पेट्रोल भरण्याआधी मोजपात्रात 10 मिली पाणी, 90 मिली पेट्रोल घालून हलवा. पाण्याची रेघ 10 वरच राहिली तर इथेनॉल नाही. 28 च्या आसपास चढली तर ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलवालं आहे. रोटॅक्सची मर्यादा 10 टक्के, म्हणजे रेघ 19 पर्यंत. पंपावरच्या पाटीवर विसंबू नका, दर डब्याला मोजा.