तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राफ्टर नवा घेऊ नका

कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या सामायिक प्रवेशाच्या, राउंडमध्ये नाव लागलं की बार्शीहून मला फोन यायला लागतात. यंदा पहिला फोन आमच्या गल्लीतल्या काकूंचा होता. "अगं, पोरीला पुण्यात इंजिनिअरिंगला लागलं बघ. काय काय घेऊन द्यायचं तिला? आणि ते क्लब-बिब म्हणतात ना, त्यात जाऊ द्यायचं, का नुसता अभ्यासच करू दे?" त्यानंतर हाच प्रश्न आणखी दोघांनी विचारला. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

फोनवर मी दोनच गोष्टी सांगते. ड्राफ्टर नवा घेऊ नका, सीनियरकडून घ्या. आणि क्लबमध्ये जरूर जाऊ द्या. ऐकणाऱ्याला वाटतं, पहिली गोष्ट पैसे वाचवायची आणि दुसरी मजेची. माझ्या दृष्टीने त्या दोन्ही एकच आहेत. पण एवढं सगळं फोनवर बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय.

ड्राफ्टर म्हणजे ड्रॉइंग बोर्डाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट बसवायचं साधन. त्याला काटकोनात दोन पट्ट्या असतात, आणि बोर्डावर त्या कुठेही सरकवल्या तरी रेघ समांतरच येते. पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक सगळ्या ब्रँचना सारखे असल्यामुळे कॉम्प्युटरला गेलेल्या मुलांनाही इंजिनिअरिंग ग्राफिक्स, म्हणजे वस्तूंची मोजमापाने चित्रं काढायचा विषय, चुकत नाही. आता त्यातला बराच भाग कॉम्प्युटरवर, ऑटोकॅडमध्ये गेलाय, तरी हाताने शीट काढायला लावणारी कॉलेजं आहेतच.

माझा ड्राफ्टर मी हॉस्टेलमधल्या थर्ड इयरच्या एका ताईकडून घेतला. पट्टीच्या मागच्या बाजूला कंपासच्या टोकाने कोरलेली तीन नावांची आद्याक्षरं होती, तिचं तिसरं. पैसे घेतल्यावर ती खोलीत निघून गेली असती तरी चाललं असतं. पण ती माझ्याजवळ बसली. क्लॅम्पचा स्क्रू ढिला होता, तिथे कागदाची घडी कशी घालायची ते दाखवलं. मग विचारलं, "फर्स्ट अँगल कळलंय का?" वस्तूची वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी चित्रं कागदावर मांडायची ती पद्धत. मी नाही म्हटलं. वर्गात दोन तास झाले होते आणि मला एक अक्षर कळलं नव्हतं. वस्तूचं वरून दिसणारं चित्र खाली का काढायचं, हेच डोक्यात शिरत नव्हतं.

तिने एक वही घेतली. एक पान उभं, एक आडवं, अशी काटकोनात उघडून धरली. आडव्या पानावर काडेपेटी ठेवली. "समोरून बघ. काडेपेटीचं चित्र मागच्या उभ्या पानावर पडलं. आता वरून बघ. ते खालच्या पानावर पडलं. आता काडेपेटी उचल आणि वही सपाट कर." वही सपाट झाली. समोरून दिसणारं वर गेलं आणि वरून दिसणारं खाली राहिलं. आपल्याकडे भारतीय मानकांनुसार फर्स्ट अँगलच शिकवतात. तिथे वस्तू आपण आणि पान यांच्या मधे असते, एवढंच त्याचं गमक. ते मला पाच मिनिटांत कळलं आणि पुन्हा कधीच विसरले नाही.

ड्राफ्टर दुकानातून घेतला असता तर तो ड्राफ्टरच मिळाला असता. माझा मुद्दा हाच आहे.

पहिल्या सेमिस्टरला मला एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, 31 पडले. चाळीसला पास. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठीतून झालेलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांवर निभावली होती, पण इथे फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. बॅक लागला हे मी महिनाभर घरी सांगितलं नाही. ताईला मात्र सांगितलं. तिने अप्पा बळवंत चौकातून मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच आणायला लावला आणि आधी फक्त दोन युनिट पक्की करून घेतली. रोज रात्री मेसवरून आल्यावर अर्धा तास ती माझ्याशेजारी बसायची. ती समजावून सांगायची ते मराठीत, मी लिहायची इंग्रजीत. पुढच्या खेपेला 52 पडले. तिलाही फर्स्ट इयरला एम-वनच राहिला होता, हे तिने मला निकालानंतर सांगितलं.

आता क्लबचं. सेकंड इयरला मी आमच्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये गेले. बाहा म्हणजे एका माणसाने चालवायची, खाचखळग्यांतून धावणारी छोटी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची स्पर्धा. देशात ती 2007 पासून होते. इंजिनाचे नियम सगळ्या टीमना सारखे. सांगाडा, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक मात्र ज्याचे त्याने करायचे. शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स रेस असते. पण तिथवर पोचायच्या आधी तपासणी. त्यात ब्रेकची परीक्षा अशी, की गाडी वेगात आणून ब्रेक दाबला की चारही चाकं जागच्या जागी लॉक झाली पाहिजेत. तीन झाली आणि एक फिरत राहिलं, तर पुढे जाता येत नाही.

मला ब्रेकचं काम मिळालं. काम मिळालं म्हणजे एक वही मिळाली. तेलाचे डाग पडलेली, आधीच्या दोन बॅचच्या अक्षरातली. पेडलचा लिव्हर रेशो, मास्टर सिलिंडरचा व्यास, डिस्कचं माप, सगळी गणितं त्यात होती. पण मला त्या वहीत सगळ्यांत मोलाचं वाटलं ते वेगळंच. आदल्या वर्षी त्यांची गाडी ब्रेक टेस्टमध्ये अडकली होती, आणि ते का झालं हे त्यांनी काही न लपवता दोन पानं भरून लिहून ठेवलं होतं. लाइनमध्ये हवा राहिली होती. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. हवा दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि जोर वाटेतच संपतो. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: पेडल मऊ लागलं तर गणित तपासत बसू नका, आधी हवा काढा.

आमच्या वर्षीही पेडल मऊ लागलं. रात्री दोन वाजता आम्ही चौघं एकेक चाक ब्लीड करत, म्हणजे लाइनमधली हवा काढत बसलो. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल सैल करून पेडल सुटायच्या आत पुन्हा आवळायचं, बुडबुडे थांबेपर्यंत हेच. आमची चारही चाकं लॉक झाली. ती ज्यांच्यामुळे झाली, ते तेव्हा नोकरीला लागून कुठे कुठे पांगले होते.

वस्तू कुठे मिळतात हेही या टीममध्येच कळलं. गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत. इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं असेल तर तपकीर गल्ली. जुनी अवजारं बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. एखादाच भाग लेथवर टर्न करून द्यायला तयार असलेलं वर्कशॉप भोसरीत. हे कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही. एक बॅच दुसरीला तोंडी सांगते.

गाड्यांची आवड नसली तरी काही बिघडत नाही. ऑगस्ट उजाडला की पुरुषोत्तम करंडकाच्या, कॉलेजांमधल्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी सुरू होतात. भरत नाट्य मंदिरात जी मुलं गळा फाडून आपापल्या कॉलेजच्या नावाने घोषणा देतात, त्यांत इंजिनिअरिंगची कितीतरी असतात. संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचे सराव चालतात. सीओईपी या पुण्यातल्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब तर थेट नदीवर आहे. कुठेही जाऊ द्या. मी एकच गोष्ट बघायला सांगते: तिथे आधीच्या बॅचची माणसं येतात का, आणि नव्यांना खरं काम देतात का? नुसतं फोटोपुरतं उभं करत असतील तर सोडून दुसरीकडे जावं.

या बाबतीत मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते सीओईपीच्या 'स्वयं' या उपग्रहाचं उदाहरण. विद्यार्थ्यांनी बनवलेला, वजनाला जेमतेम एक किलो. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून तो अवकाशात गेला. एका उड्डाणात वीस उपग्रह होते, त्यातला हा एक. तो घडवायला विद्यार्थ्यांच्या एकामागून एक बॅच लागल्या. म्हणजे ज्यांनी पहिल्या आकृत्या काढल्या, त्यांनी पदवी घेतली, ते बाहेर पडले आणि काम पुढच्यांच्या हाती देऊन गेले. माझं त्या कॉलेजशी काही नातं नाही. तरी ते उड्डाण बघताना माझे डोळे भरून आले होते, कारण मला ती तेलकट वही आठवत होती.

आता तुमच्या मनातली भीती. सीनियर म्हटलं की रॅगिंग. ही भीती खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, आणि 2009 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) नियम देशभर लागू आहेत. हेल्पलाइनचा नंबर 1800-180-5522, तो मुलीच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. ओळखायची खूण सोपी आहे. मदत करणारा सीनियर तुम्हाला काहीतरी देतो आणि त्याच्या-तिच्याजवळून तुम्हाला कधीही उठून जाता येतं. जिथून उठून जाता येत नाही ते रॅगिंग, मग त्याला ओळखपरेड म्हणोत नाही तर गंमत. तिथे थांबायचं नाही, आणि घरी सांगायला लाजायचं नाही. मुलीला हे तुम्ही स्वतः सांगा. मी सांगून तेवढा उपयोग नाही.

पैशांचंही थोडक्यात सांगते, कारण तिथे लोक माहितीअभावी नुकसान करून घेतात. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. अर्ज सरकारच्या महाडीबीटी या वेबसाइटवर मुदतीत भरा. राहण्यासाठी विद्यार्थी साहाय्यक समितीकडे चौकशी करा. 1955 पासून ही संस्था खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना पुण्यात आधार देतेय.

हल्ली एक गोष्ट मला बोचते. जुनी जर्नल्स, नोट्स, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, सगळं व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये येतं. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण पीडीएफ पाठवणारी शेजारी बसत नाही. तिला तुमचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे कळलं नाही हे तिला कळत नाही. गेल्या वर्षी गावाकडचा एक मुलगा सगळ्या नोट्स मोबाइलमध्ये असूनही तीन विषयांत अडकला. मी विचारलं, सीनियर कोण आहे तुझा? तो म्हणाला, ग्रुपवर आहेत ना, दोनशे जण. त्यातल्या एकाचंही नाव त्याला सांगता येईना.

म्हणून काकूंना मी म्हटलं, दुकानात जाऊ नका. त्या पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन येतायत. माझ्या ओळखीतल्या सेकंड इयरच्या एका मुलीशी बोलून ठेवलंय. तिचा ड्राफ्टर द्यायला ती तयार आहे. क्लॅम्पचा स्क्रू जरा ढिला आहे म्हणाली. मी म्हटलं, असू दे, फक्त दिल्यावर लगेच उठू नकोस, थोडा वेळ बस तिच्याजवळ. काडेपेटी मी घेऊन येते.